सही नसलेली माणसं

नळपट्टी वाढली की कोणाचं डोकं फिरत नाही? एकसष्ट साली धामणखेडच्या नगरपालिकेने ती दीडपट केली. नोटीस लावली नाही, हरकती ऐकल्या नाहीत. कापसाचे अडत्ये खुशालराव खवळले. घरी नळ असलेल्या साठ जणांना गोळा करून त्यांनी अकोल्याच्या कोर्टात दावा लावला. बाजू खरी होती. नगरपालिकेच्या वकिलाने ते ओळखलं आणि तडजोड पुढे केली : घरच्या नळांना जुनाच दर, तूट भरून काढायला बौद्धपुऱ्यातला फुकटचा सार्वजनिक नळ बंद.

कोर्टाच्या आवारात बसणाऱ्या म्हाताऱ्या अर्जनवीस बद्रुद्दीनने तडजोडीचा कागद लिहिला, पण टाक हातातच धरून ठेवला.

"खुशालरावजी, अख्खा पुरा त्या नळावर जगते. त्यायची सही कुठी हाये?"

"ते दाव्यात हायेत काय?"

"नाहीत, म्हनूनच इचारतो. तुमाले न इचारता दर वाढवला, तं तुमी कोर्टात आले. त्यायले न इचारता पानीच तोडून राहिले, ते कोन्या कोर्टात जातीन?"

"मी माह्या घरचा नळ पाहू का गावाचा? आना तो टाक!"

सही झाली. गावात पेढे वाटले गेले.

चैत्रात पुऱ्यातल्या नळाची तोटी काढून नेली. गावविहिरीवर बौद्ध बायकांना कोणी चढू देत नव्हतं. उरली ती गावाबाहेरची खदान, दगडाच्या खाणीत साचलेल्या पाण्याची.

खुशालरावांचा गोठा झाडणारी मैनाबाई एक दिवस काम आटोपून घागर घेऊन अंगणात उभी राहिली. खुशालराव नळाच्या पाण्याने म्हैस धूत होते.

"मालक, वरून वता थोडंसं. नातीले हगवन लागली. खदानीचं पानी पाजवत नाही."

"आज तुले देल्लं, तं उद्या सारा पुरा दारात येईन. चाल, हट!"

"एक घागर तं मांगते बिचारी!" दारातून दुर्गाबाई बोलल्या. खुशालरावांनी बायकोकडे डोळे वटारून पाहिलं आणि बादलीतलं उरलेलं पाणी म्हशीच्या पाठीवर ओतलं.

मैनाबाईची नात शालू सहा वर्षांची होती. तिसऱ्या दिवशी दुपारी ती पाणी पाणी करू लागली. घरात खदानीचंच हिरवं पाणी होतं. मैनाबाईने तेच तिच्या ओठाला लावलं. संध्याकाळपर्यंत पोर गेली.

काम सुटेल म्हणून मैनाबाई दुसऱ्याच सकाळी गोठ्यात हजर झाली. खुशालराव तडकले, "इतके दिवस कुठी मेली होती?"

"मी नाही मेली, मालक. शालू मेली."

दुर्गाबाईंनी रडत रडत भरलेली घागर तिच्यापुढे आणून ठेवली. मैनाबाईने तिला हात लावला नाही. "राहू द्या, बाई. आता घरात पेनारं कोनी नाही." आणि ती शेण भरू लागली.

अरेरे! खुशालरावांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. नळ पुन्हा सुरू करण्यासाठी अर्ज करायला ते तसेच अकोल्याला गेले.

"अर्ज लिहून देतो," बद्रुद्दीन म्हणाला, "पन हुकूम तुमच्याच सहीनं झाला. आपल्याच सहीवर रडनाऱ्याचं कोर्ट काय आयकीन?"

"मंग मी करू काय?"

"वाढीव पट्टी भरा. साऱ्यायले भरायले लावा."

खुशालराव दारोदार फिरले. लोक हसले. "तुमीच जितून देल्लं, आता परत काहून मांगता?" म्हणत कोणी तोंडावर दार लावलं. चाळीस जण कसेबसे वळले. त्यांच्या वाढीव पट्टीने तूट भरल्यावर नगरपालिकेने नळ उघडला, तेव्हा पाऊस लागून महिना झाला होता, आणि पुऱ्यातली आणखी दोन लेकरं गेली होती.

नळावर खुशालरावांनी मैनाबाईपुढे हात जोडले. ती म्हणाली, "हात नका जोडू. पुढच्या खेपी सही कराच्या आधी आमाले इचारा."

वाचकहो, अन्यायाविरुद्ध कोर्टात जरूर जावं, हक्क सोडू नये. पण आपला दावा जिंकताना कोणाच्या तोंडचं पाणी तुटतं आहे, हे आधी पाहावं. तडजोडीच्या कागदावर ज्यांची सही नसते, त्या तडजोडीची किंमत बहुधा त्यांनाच चुकवावी लागते!