सरासरी माणसाचा पाय

बूटवालीचं दुकान चौकाच्या तोंडाशीच होतं. दुकान म्हणजे एक लांबोळकी खोली. एका भिंतीला पायांचे लाकडी साचे टांगलेले, दुसऱ्या भिंतीला खिडकी आणि खिडकीबाहेर सहा पदरी रस्ता. चारचौघांसारखे बूट ती शिवत नसे. ज्यांचा एक पाय आखूड, टाच वाकडी, किंवा पाऊलच अर्धं, अशांसाठी ती बूट बनवायची. हे काम ती शिकली ते थोरल्या बहिणीपायी. ताईचा डावा पाय लहानपणापासून तीन बोटं आखूड होता, आणि बाजारातल्या एकाही बुटाने तिला कधी धड चालू दिलं नव्हतं.

ताई शाळेत गणित शिकवायची. निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी काठी टेकत रस्ता ओलांडून दुकानात यायची, मापांची वही सांभाळायची, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची. एका मंगळवारी दहा वाजून गेले तरी ती आली नाही. बूटवालीने खिडकीतून पाहिलं, तर ताई रस्त्याच्या मधोमध दुभाजकाचा कठडा धरून उभी. ती अर्ध्यावर असतानाच हिरवा दिवा गेला होता, आणि सुसाट निघालेल्या एका टेम्पोने तिची काठी उडवून चाकाखाली घेतली होती. बूटवाली हातातला बूट टाकून धावली आणि तिला धरून घेऊन आली. ताई दिवसभर मापांची वही लिहीत बसली. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "उद्यापासून घरीच थांबेन म्हणते."

ते वाक्य बूटवालीच्या जिव्हारी लागलं. व्रात्य पोरांच्या चार पिढ्यांना जिने वठणीवर आणलं, ती एका दिव्यापुढे हार मानते म्हणजे काय?

त्याच आठवड्यात नगरपालिकेचं पत्रक दारात येऊन पडलं. शहर सुधारण्यासाठी नव्या धोरणांच्या कल्पना नागरिकांनीच सुचवाव्यात, महिन्याभराने जाहीर सभेत त्या ऐकल्या जातील, असं त्यात होतं. बूटवालीने पत्रक वाचलं आणि दुकानामागच्या गल्लीत खडूने दोन रेघा ओढल्या, चौकातला रस्ता जेवढा रुंद बरोबर तेवढ्या अंतरावर. नवे बूट घातले की गिऱ्हाईक चार पावलं चालून बघतंच. ती त्याला गल्लीत नेऊन या रेघेपासून त्या रेघेपर्यंत चालवायची आणि घड्याळात बघायची. बातमी पसरली तशी बूट नको असलेली माणसंही यायला लागली. पेढीतली पोटुशी कारकून आली, गुडघे धरलेले टपालवाले आजोबा आले, लेकराला कडेवर घेतलेले बाप आले. महिन्याभरात एकशे चाळीस माणसं चालली. चौकातला हिरवा दिवा अठरा सेकंदांचा. तेवढ्यात पलीकडे पोचली फक्त एकोणचाळीस. रिक्षातून आणलेल्या ताईला एकतीस लागले, आजोबांना सगळ्यांत जास्त, तेहतीस.

सभेत प्रत्येकाला दोन मिनिटं मिळणार होती. कुणाला बाकडी हवी होती, कुणाला भोंगे बंद, एका गृहस्थांना तर कबुतरं पाळणाऱ्यांसाठी परवाना हवा होता. बूटवालीची पाळी आली तेव्हा तिने वही उघडली आणि आकडे वाचून दाखवले. तिची मागणी एका ओळीची होती: शहरातल्या प्रत्येक चौकात दिव्याची वेळ त्या वस्तीतल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसावर ठरवावी.

मंचावरच्या वाहतूक अभियंत्याने शांतपणे समजावलं, की रस्त्यांची आखणी सरासरी माणसाच्या चालीवर होते, जगभर हीच रीत आहे.

"साहेब," बूटवाली म्हणाली, "बावीस वर्षं मी पायांची मापं घेतेय. सरासरी माणूस अजून माझ्या दुकानात आलेला नाही. तुम्हाला कुठे भेटला?"

सभागृहात खसखस पिकली. अभियंत्याने खाली मान घालून सूचना नोंदवून घेतल्याचं सांगितलं.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. आपली सूचना स्तुत्य आहे, तथापि तिच्यामुळे वाहनांच्या प्रवाहास अडथळा निर्माण होईल, सबब ती स्वीकारता येत नाही. बूटवाली पत्र घेऊन तडक घरी गेली. ताईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मग कपाटातून वाहतुकीच्या नियमांचं पुस्तक काढलं. घरी बसून तिने ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढलं होतं, हे बहिणीला आजच कळत होतं.

"हिरव्यावर पाऊल टाकलं, की पलीकडे पोचेपर्यंत रस्ता चालणाऱ्याचा," ताई म्हणाली. "गाड्यांनी थांबायचं. हे त्यांनीच छापलंय. मग आपण चालूया की."

सोमवारी सकाळी दहाला ताईसकट वहीतली अकरा माणसं पदपथावर उभी राहिली. हिरवा लागताच निघाली, आपापल्या चालीने. अठरा सेकंद संपले, दिवा लाल झाला, आणि भोंग्यांनी चौक दणाणून गेला. कुणी थांबलं नाही, कुणी धावलंही नाही. चौकातला पोलीस लगबगीने ताईपाशी आला आणि जरा लवकर चला म्हणून विनवायला लागला.

"लवकरच चाललेय," ताई म्हणाली. "माझं लवकर एवढंच आहे."

पोलिसाने तिच्या बुटांकडे पाहिलं, मग गाड्यांकडे, आणि गाड्यांना हात दाखवून तिथेच उभा राहिला.

मंगळवारी सोळा जण आले, बुधवारी तेवीस. एका गाडीवाल्याने काच खाली करून तोंडाला येईल ते बोलून घेतलं. टपालवाले आजोबा भर रस्त्यात थांबले, त्याचं संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि मग पुढे निघाले. बूटवाली ताईच्या शेजारून चालत होती, पण तिने ताईचा हात धरला नाही. धरलेला ताईला खपला नसता.

शुक्रवारी अभियंता स्वतः दुकानात आला. खिडकीत उभा राहून त्याने घड्याळ लावून सगळं पाहिलं. खास बाब म्हणून या चौकात चौतीस सेकंद देतो, म्हणाला, तुम्ही मात्र हा प्रकार थांबवा. वर्तमानपत्रासाठी दोघी बहिणींसोबत एक फोटो काढावा, असंही त्याने सुचवलं.

"आणि इस्पितळापुढचा दिवा?" ताईने विचारलं. "शाळेपुढचा?"

तो म्हणाला, की त्यासाठी नियमच बदलावा लागेल, विषय सर्वसाधारण सभेपुढे न्यावा लागेल, वर्ष जाईल.

"मी नियमच मागितला होता," बूटवाली म्हणाली. "खास बाब नव्हती मागितली. चौतीस सेकंद द्या, ते आमच्या हक्काचे आहेत. थांबण्याचं मात्र कबूल करत नाही. फोटो राहू दे."

त्याने टांगलेले साचे एकेक करून पाहिले. एकासारखा दुसरा नव्हता. जाताना त्याने मापांच्या वहीची नक्कल मागितली. ताईने ती आधीच सुवाच्य अक्षरात काढून ठेवली होती.

चौकातला दिवा रविवारी बदलला. सर्वसाधारण सभेच्या कामकाजात विषय लागल्याचं पुढच्या महिन्यात कळलं. तो मंजूर होईल की गुंडाळला जाईल, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पण तोवर वाट बघत कुणी बसलं नव्हतं. दिवा बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी दहा वाजता इस्पितळापुढच्या पदपथावर एकेचाळीस माणसं जमली होती. काही कुबड्यांवर, दोघं चाकाच्या खुर्चीत, एक बाई नुकतीच टाके काढून आलेली. तिथला दिवा पंधराच सेकंदांचा होता. ताईने नवी काठी पुढे टेकवली, बूटवालीने वहीचं कोरं पान उघडलं, आणि हिरवा लागला तशी सगळी निघाली.