तापलेला विळा

घरातलं माणूस एकच काम पुन्हा पुन्हा करू लागलं की आपण काय म्हणतो? येडं झालं, नाहीतर बाहेरचं लागलं! मेडशीच्या बापूरावानंही आपल्या पोराबद्दल, पंजाबबद्दल, तेच ठरवून टाकलं होतं.

दुष्काळाचं साल नुकतं सरलेलं. विहिरीत पाणी जेमतेम. पंजाब मेथीच्या वाफ्याचं तोंड चिखलानं बंद करी, पाणी पुढच्या वाफ्यात सोडी आणि परत मागं येई. खरंच बंद झालं का? हातानं चाचपे, फोडे, पुन्हा लिंपी. तोवर पुढचा वाफा फुटून पाणी रस्त्याला लागे. त्या सकाळी तर विहिरीनं तळ गाठला अन् मिरच्या कोरड्याच राहिल्या.

बापूराव माणूस वाईट नव्हता हो; पण रागाला आला की कोणाच्या बापाचा नाही!

"आज याचं भूतच उतरवतो!" म्हणत त्यानं विळा चुलीत खुपसला. डागणी दिली की माणूस ताळ्यावर येतो, असं तो लहानपणापासून ऐकत आलेला. पंजाबची बायको सीताबाई मागच्या दारानं धावत सुटली ती थेट दवाखान्यातल्या नर्सकडं, बेबीताईंकडं.

दोघी आल्या तेव्हा विळा लाल झाला होता. पंजाब भिंतीला टेकून अंग चोरून बसला होता.

"काका, थांबा!" बेबीताई ओरडल्या. "काहून असं करतं म्हणून त्याले इचारलं का कधी?"

"त्याले काय इचारू? माजला हाय तो!"

पंजाबला रडू फुटलं. "बाबा, वाफ्याचं तोंड बंद हाय, मले दिसते. पण मन म्हणते, नाही! मंग पाय पुढं जातच नाही. मी काय करू?"

"ऐकलं, काका?" बेबीताई म्हणाल्या. "तुमी कुलूप एकदा ओढून पाहता अन् निघता. तुमचं मन म्हणते, झालं. याचं मन 'झालं' म्हणतच नाही. एक काम सोडून दुसऱ्याकडं वळणं याच्या डोक्याले जमून नाही राह्यलं. आजार हाय हा! नागपूरले या आजाराचे डॉक्टर हायत. हिवतापाच्या माणसाले डागता का तुमी?"

बापूरावाचं लक्ष पोराच्या हातांकडं गेलं. चिखल लिंपून बोटांची सालं निघाली होती. अरे देवा! इतके दिवस आपण फुटलेला वाफाच पाहिला, हे हात पाहिलेच नाहीत! त्यानं विळा बादलीत टाकला.

दुसऱ्या दिवशी बापलेक मिळून विहिरीत रात्रीतून झरलेलं पाणी देत होते. पंजाब मागं वळला. "बाबा, बंद हाय ना?"

'हाव' अगदी ओठांवर आलं होतं. पण बेबीताईंनी बजावलं होतं, हो म्हटल्यानं त्याचं मन भरत नाही, उलट पुन्हा इचारते; भीती सोसली की ती हळूहळू ओसरते.

"भेव वाटू दे, बाप्पा," बापूराव म्हणाला. "मी हाय तुह्यासंगं."

पंजाबला दरदरून घाम फुटला. बराच वेळ तो तसाच उभा होता. मग त्यानं पुढच्या वाफ्याकडं पाऊल टाकलं.

मंडळी, तुमच्या घरी असं कोणी असेल, तर आधी हातातला विळा खाली ठेवा. मनाच्या आजाराला डॉक्टर लागतो, आणि शेजारी उभं राहणारं घरचं माणूस लागतं.