बोक्यानं गिळलेला डोळा

डोळे मिटा पाहू, आणि एक खोली समोर आणा. खिडकीपाशी शिलाई मशीन, कोपऱ्यात कापसाचा ढीग, टेबलावर रांगेनं बसलेली कापडी अस्वलं. आई अस्वलं शिवते, काकू कापूस भरते, आणि डोळे बसवायचं काम ठकीचं. डोळ्यामागे एक चकती घट्ट दाबायची, म्हणजे कितीही ओढला तरी तो निघत नाही.

या घरातल्या कुत्र्याचं नाव बोक्या. हसा खुशाल, तोही हसण्यासारखाच आहे.

तर त्या दुपारी बोक्यानं एक अस्वल पळवलं. आईनं ते हिसकावून घेतलं, तेव्हा अस्वल काणं झालं होतं.

"गिळला मेल्यानं!" काकू म्हणाली. "मिठाचं पाणी पाजते, ओकून टाकेल."

"गुळगुळीतच तर असतो डोळा," आई म्हणाली. "येईल सहज वर."

काकूनं पातेलं उचललंसुद्धा. इकडे ठकी धावत पुढे आली. सकाळी चकत्या संपल्या होत्या. आईला सांगितलं असतं, तर नव्या येईपर्यंत काम अडलं असतं आणि खेळायला जाणं राहिलं असतं. म्हणून तिनं उरलेले डोळे तारेनं पिळून बसवले होते. ती टोकदार तार आता बोक्याच्या पोटात होती. ओकताना त्याचा गळा फाटला तर?

"काकू, नको!" ठकी ओरडली. "त्याला चकती नाहीये. तार आहे. मीच लावली."

"अगं भवाने!" म्हणत काकूनं पातेलं खाली ठेवलं.

आईनं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "उलटी करवू नका," बाई म्हणाल्या. "खायला-प्यायलाही काही देऊ नका. लगेच आणा. आणि तसाच दुसरा डोळा असला तर तोही आणा."

ठकीनं काण्या अस्वलाचा उरलेला डोळा कापून मुठीत घेतला.

दवाखान्यात बाईंनी तो डोळा निरखला, बोक्याच्या पोटाचा फोटो काढला. तार अजून पोटातच होती. बोक्याला झोपवून त्यांनी तोंडावाटे दुर्बिणीची नळी घालून ती हळूच बाहेर काढली.

"मिठाचं पाणी तर कुत्र्याला कधीच पाजू नये, ते विषासारखं बाधतं," त्या काकूला म्हणाल्या. मग ठकीकडे वळल्या. "वेळेवर बोललीस, म्हणून वाचला हा."

बोक्यानं झोपेतच शेपूट एकदा आपटलं. ठकीला रडूच फुटलं.

"रडून सुटशील असं समजू नकोस," आई तिचं नाक पुसत म्हणाली. "ओरडणार आहे मी. घरी गेल्यावर."

पण घरी आल्यावर ठकी ओरडा खायला थांबलीच नाही. ती तडक टेबलापाशी गेली, एकेका अस्वलाच्या डोळ्यांमागे चाचपलं आणि त्यातली दोन आईच्या मांडीवर आणून ठेवली.

"यांनाही तारच आहे," ती म्हणाली. "उसव."