एका ताटात

मेहकरचे वकील वामनराव यांची भाऊबंदकी मिटवण्याची एक ठरलेली रीत होती. वाटणीचा दावा घेऊन आलेल्या दोन भावांना ते ओसरीवर समोरासमोर बसवत, मधे एकच ताट ठेवत आणि म्हणत, "आधी जेवा, मग कोर्टाचं पाहू." एका ताटात जेवलेले भाऊ बहुतेक वेळा डोळे पुसत घरी जात. पुढच्या सुगीला त्यातले काही दुसऱ्या वकिलाकडे दावा लावत, पण वामनरावांच्या लक्षात फक्त डोळे पुसणं राहत असे.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र दोन ताटं होती. कुत्र्यांची.

बुटक्या हा जानेफळच्या पुंजाजीने दिलेला. उंचीने पायरीएवढा, रंगाने मातीचा. वामनरावांच्या पत्नी शैलजाबाई यांनी त्याला चिंधी दुधात बुडवून, ती चोखायला देऊन जगवलं होतं. जिमी त्याच्याहून लहान, पांढरा, पिंजलेल्या कापसासारखा. होशंगाबादला बदली झालेल्या मुन्सफांनी जाताना तो वामनरावांच्या हवाली केला होता, आणि मुन्सफांना नाही म्हणणारा वकील मध्यप्रांत-वऱ्हाडात अजून जन्मायचा होता.

पहिल्याच दिवशी दोघांनी एकमेकांचे कान धरले. शैलजाबाईंनी तोडगा काढला. बुटक्याचं जेवण परसात, जिमीचं ओसरीवर, मधल्या दाराला कडी. दोन्ही ताटं उचलून झाली की मगच कडी काढायची.

"त्यांचं भांडण दोनच गोष्टींवरून होते," त्या म्हणत. "खाण्यावरून अन् माह्या मांडीवरून. तेवढं सांभाळलं का झालं."

आणि झालंही होतं. दुपारी दोघे एकाच उन्हाच्या पट्ट्यात पाठीला पाठ लावून झोपायला लागले होते.

हे असंच चाललं असतं. पण शेजारच्या जब्बार शिंप्याने एकदा कुंपणावरून ती दोन ताटं पाहिली.

"क्या वकीलसाब! साऱ्या तालुक्याच्या वाटण्या तुम्ही अडवून राह्यले, अन् तुमच्याच घरात दोन चुली?"

वामनराव मोठ्याने हसले. मग आत जाऊन बराच वेळ हसले नाहीत.

रविवारी शैलजाबाई दोन्ही ताटं वाढून, मधल्या दाराला कडी लावून बालाजीच्या दर्शनाला गेल्या. वामनरावांनी मधल्या दाराची कडी काढली, पितळी ताटात दूध-भाकर कुस्करली, त्यावर चांगलं तूप सोडलं आणि ताट ओसरीच्या मधोमध ठेवलं. दोघांना बोलावलं. "तुम्ही एका घरचे," असं सुरुवातीचं एक वाक्यही म्हटलं. बुटक्याने एका बाजूने नाक लावलं, जिमीने दुसऱ्या बाजूने. वामनरावांनी डोळे पुसले.

पुढचं त्यांना नीट दिसलं नाही, कारण ते बाकावर चढले होते. खाली मातकट आणि पांढऱ्या रंगाचा एकच गोळा फिरत होता आणि त्यातून येणारा आवाज एवढ्याशा कुत्र्यांचा वाटत नव्हता. वामनराव वरून "अरे! अरे!" म्हणत होते.

शैलजाबाई फाटकातून धावत आल्या. हातातला प्रसाद टाकला आणि सरळ त्या गोळ्यात हात घातला. कुत्री सुटी झाली. दात कोणाचा लागला ते कोणालाच कळलं नाही. अंगठ्याखालून रक्त मात्र भळाभळा यायला लागलं. त्या पदर गुंडाळत असताना वामनरावांनी पायाने ताट बाकाखाली सरकवलं. का, ते त्यांना सांगता आलं नसतं. पाय त्यांचाच होता एवढं खरं.

"मीच कडी लावायची विसरली असंन," शैलजाबाई म्हणाल्या.

बोलायची वेळ हीच होती. वामनराव म्हणाले, "मी डॉक्टरांना घेऊन येतो," आणि चप्पल न घालता निघाले. चप्पल विसरण्याइतकी बायकोची काळजी, असं गल्लीने त्याचं कौतुक केलं.

डॉक्टरांनी जखम धुतली, हात बांधला आणि दोन्ही कुत्र्यांवर नजर ठेवायला सांगितलं. वामनरावांनी ठेवली. कुत्र्यांनीही त्यांच्यावर ठेवली.

कुत्री धडधाकट राहिली. बिघडल्या त्या शैलजाबाई. भाकरी थापता येत नव्हती, याचं त्यांना काही नव्हतं. पण उठता-बसता त्या मधल्या दाराशी जाऊन उभ्या राहत. "मले तर पक्कं आठवते, लावली होती. का आदल्या दिवशीचं आठवून राह्यलं? अहो, असं कसं झालं माह्या हातून?"

"होतं असं कधी कधी," वामनराव म्हणत. रोज म्हणत. रोज हे वाक्य त्यांच्या जिभेवर अधिक सफाईने येत गेलं, आणि त्यानंतरचं जेवण अधिक कठीण जात गेलं.

शेवटी शैलजाबाईंनीच ठरवलं. "माह्या ध्यानाचा आता भरवसा नाही. उद्या पुन्हा विसरली तर एखादा मरंन. बुटक्याले पुंजाजीकडे पाठवू. जिमीले तर या मुलखात कोणीच नाही."

बाजाराच्या दिवशी पुंजाजी गाडी घेऊन आला. बुटक्या पोत्यावर चढून बसला. फिरायला निघालो या समजुतीने त्याची शेपटी पोत्यावर आपटत होती. शैलजाबाई त्याला डाव्या हाताने थोपटत होत्या आणि त्याला काय खाऊ घालायचं ते पुंजाजीला सांगत होत्या. सांगता सांगता थांबल्या. "त्याचं काही चुकलं नाही, पुंजाजी. कडी माह्याकडून राह्यली."

वामनराव पुढे झाले. "तसं पाहता," ते म्हणाले, "कडी त्या वेळी लागलेली असण्याची शक्यता सर्वस्वी नाकारता येत नाही."

"काय म्हणून राह्यले तुम्ही?"

"वकीलसाहेब," पुंजाजी म्हणाला, "मराठीत सांगा ना."

"कडी तू लावली होती," वामनराव म्हणाले. "म्या काढली. एका ताटात खाऊ घातलं दोघांले."

पुंजाजी बैलांकडे पाहायला लागला. तो आणि त्याचा भाऊ याच ओसरीवर एका ताटात जेवले होते. त्यांचा दावा सध्या बुलढाण्याला चालू होता. "आमच्या ताटात लाडू तरी होता," तो बैलांना म्हणाला.

शैलजाबाईंनी बुटक्याला एका हाताने उचलून काखेत घेतलं.

"मी एवढे दिवस सोताले बोल लावून राह्यली होती," त्यांनी विचारलं, "तवा तुम्ही समोरच बसून होते ना?"

"हो."

बुटक्याला घेऊन त्या आत गेल्या.

"मंग निघू मी?" पुंजाजी म्हणाला.

गाडी गेली की आपल्यालाही आत जावं लागणार, हे वामनरावांच्या ध्यानात आलं. "थांब ना जरा," ते घाईने म्हणाले, "चहा तरी घेऊन जा."

मग तो चहा कोण करणार, आणि कोणत्या हाताने, ते त्यांना आठवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "नीघ तू."