भुऱ्याचा चौथा पाय

मी भुऱ्या बोलतोय. आधीच सांगून टाकतो, मी उंदीर नाही. घूसही नाही. या घरी येणारा प्रत्येक पाहुणा माझ्या पेटीत डोकावतो आणि विचारतो, "हे काय पाळलं बाप्पा?" घरचे सांगतात, "गिनीपिग." पाहुणा मान डोलावतो आणि जाताना म्हणतो, "उंदीर मस्त हाय तुमचा." ऐकून ऐकून कान किटले माझे.

पण आजची तक्रार ती नाही. आजची तक्रार पायांची आहे. तुम्ही तरी नीट ऐका, कारण घरात माझं कोणी ऐकत नाही. मला एकच शब्द येतो, "कुईं". आणि त्याचा इथे एकच अर्थ लावतात, याला भूक लागली. की आली कोथिंबीर. कोथिंबीर मला आवडते, नाही कशाला म्हणू? पण पाय ठणकत असताना कोथिंबीर काय कामाची!

माझा जन्म एका कॉलेजच्या प्राणीघरात झाला. तिथे आमची संख्या फार वाढली, तेव्हा तिथेच नोकरीला असलेल्या देवाजीने मला संत्र्याच्या रिकाम्या पेटीत घातलं आणि महाल नावाच्या वस्तीतल्या आपल्या बहिणीकडे आणलं. बहिणीचं नाव वच्छला. तिचं लग्न नुकतंच झालं होतं. नवरा मुकुंद कोराडीच्या नव्या पॉवर हाऊसमध्ये पाळीच्या ड्युटीवर. तो एक तर बसमध्ये असायचा, नाहीतर अंथरुणात. घरात उरायच्या दोघी, वच्छला आणि तिची सासू इंदुताई. दोघींमधलं बोलणं म्हणजे "चहा मांडू का?" आणि "मांड." संपलं. बहिणीला करमावं म्हणून भावाने मला आणलं होतं.

निघताना तो दारातूनच म्हणाला, "वच्छे, याचे नखं वाढत राहतेत बरं. मधून मधून टोकं कापत जाजो. उजेडात पाय धरला का आत गुलाबी शीर दिसते. तिच्यापर्यंत जायचं नाई."

झालं, एवढं सोपं काम. आम्हाला पुढच्या पायांना चार-चार बोटं, मागच्यांना तीन-तीन. इथली फरशी गुळगुळीत, तिच्यावर नख झिजायचं नावच काढत नाही. तेव्हा टोकं कापायची, बस. चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागू नये. पण त्या एवढ्याशा कामाचं या घरात काय काय झालं, ते सांगतो.

वच्छलाने पहिल्यांदा विचारलं, "आई, भुऱ्याचे नखं कापू का?"

इंदुताई म्हणाली, "आज मंगळवार हाय वं. मंगळवारी कोनी नखं कापते का?"

बरं, मंगळवार सोडला. पुढे विचारलं तेव्हा शनिवार निघाला. मग एकादशी. मग सोमवार, तो महादेवाचा. मग गुरुवार. एकदा मोठ्या मुश्किलीने चांगला वार सापडला, तर दिवेलागण झाली होती. दिवेलागणीला नखं कापली की लक्ष्मी जाते म्हणे. अहो, माझ्या नखांनी कुणाची लक्ष्मी जाते? माझी सगळी इस्टेट एक पेटी आणि मूठभर हरळी! तीही चतुर्थीला गणपती घेऊन जातो.

उन्हाळ्यात एका बुधवारी मुकुंदच्या अंगात आलं. ड्युटीवरून आला, मला पेटीतून उचललं आणि म्हणाला, "आन तो अडकित्ता."

"अवं बाप्पा, अडकित्ता काहून?" वच्छला घाबरली. "नेलकटर देतो न मी."

"त्यानं काय होते? पाह्यले का कसे जाड झाले?"

सुपारी फोडायचा अडकित्ता! त्याला सुपारी-तंबाखूच्या खर्र्याचा वास, आणि मुकुंदच्या हाताला कोळशाचा. बाहेर अंधारून आलेलं, खोलीतला बल्ब मिणमिणता. त्याने माझं पोट असं दाबून धरलं की श्वास वर चढला. मी "कुईं" केलं. तो म्हणाला, "भूक लागली वाटते." आणि मागच्या डाव्या पायाचं नख त्याने मुळापासून उडवलं. रक्ताचे थेंब त्याच्या बनियनवर पडले. मी त्याच्या हाताला चावलो. चावणारच!

मग धावपळ. इंदुताईने हळदीची चिमूट आणली, ती दाबून धरली, तेव्हा रक्त थांबलं. तेवढं मात्र तिने झकास केलं. पण लगेच भिंतीवरचं कॅलेंडर बघून म्हणाली, "मी सांगतलं होतं न. बुधवार असला तं काय झालं? आज अमावश्या हाय!"

म्हणजे चूक अमावस्येची. अडकित्त्याची नाही, अंधाराची नाही, मुकुंदच्या घाईची तर नाहीच नाही. मी दात कडकडा वाजवले. कोणी लक्ष दिलं नाही.

त्या दिवसापासून माझ्या नखांचा विषयच बंद झाला. पावसाळा गेला, दसरा गेला, नखं वाढतच राहिली. पुढच्या उजव्या पायाचं एक नख वळून तळव्यात रुतायला लागलं. मी लंगडायला लागलो. मुकुंद म्हणाला, "म्हातारा झाला." कोण म्हातारा? मी?

आता माझ्या जिवाचा खरा जाच ऐका. मी जमिनीलगत राहतो. माणसांची तोंडं मला फार दिसत नाहीत, पाय दिसतात. मुकुंदच्या बुटांवर राख असते. वच्छलाच्या पायात जोडवी आहेत, ती आली की फरशीवर आधी तीच वाजतात. आणि इंदुताईचे पाय कोणालाच दिसत नाहीत. लुगड्याचा काठ ती घोट्याखाली ओढून बसते.

मला दिसले, कारण दुपारी मी तिच्या खाटेखाली झोपतो. एकदा वच्छला बाजारात गेली तेव्हा इंदुताईने दार लावलं आणि ब्लेड घेऊन खाटेवर बसली. लुगडं वर केलं. बाई गं! तिच्या पायांची नखं माझ्यापेक्षा वाईट. जाड, पिवळी, आणि अंगठ्याचं वळून बाजूच्या बोटात घुसलेलं. ती वाकली. कमरेने साथ दिली नाही. पुन्हा वाकली. हात पोचला, तर डोळ्यांना दिसेना. ब्लेड भलतीकडे लागलं. तिने ते कोनाड्यात फेकलं आणि तोंडाला पदर लावून रडली. मग पाय झाकले, दार उघडलं आणि परत आलेल्या वच्छलाला म्हणाली, "एवढा उशीर काहून लागला?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. चप्पल घालता येत नाही म्हणून ही देवळात जात नाही. शेजारची यमुताई हळदीकुंकवाला बोलवायला येते, तेव्हा ही म्हणते, "कंबर धरली वं." आणि घरात नखांचा विषय निघाला की हिला वार आठवतात. आज माझ्या नखांचा विषय निघाला की उद्या हिच्या नखांचा निघेल ना!

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण दिवाळीला वच्छला पाया पडायला वाकली, तशी इंदुताईने झटकन पाय लुगड्यात ओढून घेतले. "राहू दे, राहू दे," म्हणाली, तेही दुसरीकडे बघत. दसऱ्यालाही तेच, संक्रांतीलाही तेच. संक्रांतीच्या संध्याकाळी वच्छला माझ्या पेटीपाशी बसली, कोथिंबिरीची काडी माझ्यापुढे धरून म्हणाली, "भुऱ्या, आईले माहा नमस्कारबी चालत नाई रे. मी का एवढी वाईट हाय? देवाजीले सांगतो, मले काई दिवस माहेरी घेऊन जा म्हणून."

मी ओरडलो. अगं, तसं नाही! तिचे पाय बघ, एकदा लुगडं वर करून बघ! कुईं, कुईं, कुईं! तिने डोळे पुसले आणि आणखी एक काडी दिली. सांगा, काय करायचं? भिंतीवर डोकं आपटायचं, तर तेही नाजूक.

शेवटी माझ्या तळव्यातून पाणी यायला लागलं. परवा सकाळी वच्छलाने ते पाहिलं आणि तिचा आवाजच बदलला.

"आई, शनवार असो का अमावश्या असो, मी आज कापतो. एकटीनं जमत नाई. तुमी धरा."

"अवं पन शनवार..."

"त्याचा पाय सडून राहिला, आई!"

इंदुताई उठली. अंगणात ऊन होतं, तिथे जाऊन ती वेताच्या मोड्यावर बसली. वच्छलाने मला जुन्या पंच्यात गुंडाळलं आणि तिच्या मांडीवर दिलं. इंदुताईने दोन्ही हातांनी मला धरलं, पोट न दाबता, मऊ. वच्छला खाली जमिनीवर बसली. बाजूला वाटीत हळद, हातात नेलकटर. तिने एक पाय बाहेर काढला आणि उन्हाकडे धरला. नखात गुलाबी शीर दिसली. तिच्यापासून दूर, फक्त टोक, टक. मला कळलंसुद्धा नाही. तळव्यातलं नख तिने फुंकर घालत घालत सोडवलं. पुढचा उजवा झाला, पुढचा डावा झाला, मागचा उजवा झाला. इतकं सोपं होतं हो! याच्यासाठी मी इतके महिने लंगडलो!

राहिला मागचा डावा, अडकित्त्याचा. तो बाहेर काढताच मी भीतीने पाय झाडला. इंदुताईने मला सावरलं, त्या झटापटीत तिचं लुगडं वर सरकलं. आणि ते खाली ओढायला तिचा हात मोकळा नव्हता. दोन्ही हातांत मी होतो.

वच्छला खालीच बसलेली होती. तिच्या डोळ्यांसमोर सासूचे पाय उन्हात पडले. 

"आई, हे काय?"

"काई नाई वं. तू त्याचं काप."

"म्हणून तुमी पाय ओढून घेता?" वच्छलाने नेलकटर खाली ठेवलं. "मी तं समजून राहिली होती का मी तुमाले आवडतच नाई."

"अवं येडे!" इंदुताई म्हणाली. "तुले दिसले असते न. नवी सून सासूचे असे पाय पाहीन, तं काय म्हणन? मुकुंदले कसं सांगू? तुह्या हातात पाय कसे देऊ? लाज वाटे मले."

वच्छला उठली. घमेल्यात कोमट पाणी घेऊन आली आणि इंदुताईचे पाय तिने स्वतः उचलून त्यात ठेवले.

"आज शनवार हाय वं," इंदुताई हळूच म्हणाली.

"भुऱ्याले चालला, तुमालेबी चालते."

नखं भिजून मऊ होईपर्यंत दोघी बोलत होत्या. काय काय बोलल्या! वर्षभराचं साठलेलं. मग वच्छलाने इंदुताईचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि तसाच उन्हाकडे वळवला, जसा माझा वळवला होता. टक, टक. इंदुताईने माझ्या पाठीवरचा हात काढला आणि सुनेच्या डोक्यावर ठेवला. मी पंच्यासकट घसरायला लागलो. मी ओरडलो, माझा एक पाय राहिला! कुईं!

"भूक लागली वाटते याले," इंदुताई म्हणाली.

वाचकांनो, तुमच्या घरी कोणी कायम पाय झाकून बसत असेल, तर वार विचारत बसू नका. खाली बसा आणि बघा. माझ्यासारख्याला बोलता येत नाही, आणि ज्यांना येतं ते लाजेने सांगत नाहीत.

आज सोमवार. महादेवाच्या दर्शनाला म्हणून दोघी मघाशी बाहेर पडल्या. इंदुताईच्या पायात चप्पल होती. दारात वच्छला पाया पडायला वाकली, तेव्हा तिने पाय जागचे हलवले नाहीत. मी सगळं पाहिलं, बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण माझा चौथा पाय तसाच आहे. तीनही नखं तशीच. उद्या मंगळवार आहे, असू द्या. देवळातून या, आणि येताच नेलकटर घ्या. कोथिंबीर नको मला! ऐकू येतंय का? कुईं!