घरातल्यांचे घसे

गोंद गेली त्याच आठवड्यात तिच्या घरच्यांच्या आणि जवळ वावरलेल्यांच्या घशांचे नमुने प्रयोगशाळेत आले. तिची मावशी तिथेच जंतू तपासायची. मावशी आली की पोरगी तिला चिकटायची ती सुटायचीच नाही, म्हणून सगळे तिला गोंद म्हणत.

पोरीला घटसर्प झाला होता. कधी सर्दी, कधी ताप, असं करत लस राहूनच गेली होती. औषधाने घसा मोकळा होऊ लागला, पण तोवर जंतूचं विष हृदयाला भिडलं होतं.

"तू यात हात घालू नकोस," प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या. "मी बघते."

मावशी स्टुलावर बसून राहिली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही.

जंतू दोघींच्या घशात सापडला. आजीचा निरुपद्रवी निघाला, त्यात विष बनवणारं जनुकच नव्हतं. दुसरीच्या जंतूत मात्र ते होतं, गोंदच्या जंतूत होतं तसंच. बाईंनी नळीवरचं नाव वाचून चष्मा काढला.

"माझं?"

"तुझं."

संध्याकाळी मास्क लावून ती धाकट्या बहिणीच्या, गोंदच्या आईच्या, दारात उभी राहिली आणि तिथूनच सगळं सांगितलं. धाकटी फ्रॉकच्या घड्या घालत होती.

"मग तू कशी धडधाकट, ताई?"

"लस विषाला अडवते. जंतू घशात राहू शकतो."

"म्हणजे तुझ्याकडून तिला गेला?"

"माझ्याकडून तिला, की उशाशी बसले तेव्हा तिच्याकडून मला, ते कळत नाही."

"तुला नाही, तर कुणाला कळणार?"

"कुणालाच नाही."

धाकटीने खुर्ची आणून उंबऱ्याबाहेर ठेवली आणि स्वतः आत भिंतीला टेकून बसली.

"मला तुझा राग यायला हवा ना?"

"हवा."

"येत नाहीये गं. काहीच येत नाहीये."

"मलाही."

जंतू मारायच्या गोळ्या संपल्यावर मावशीचा घसा पुन्हा तपासला. साफ निघाला. बाईंनी तसं सांगितलं, तेव्हा ती नुसतं "बरं" म्हणाली आणि पुढची नळी उचलली.