नावानं हाक

फाशांच्या खेळात तुला सगळ्यात नावडता लढवय्या कोणता, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर तयार असतं. पण आधी बाकीच्यांची बिनपाण्यानं करून घेते. एक म्हणजे तिरंदाज. हा टेकडीवर उभा, खाली आपली माणसं मार खातायत, आणि हा वरून बाण सोडून शाबासकी मागणार. दुरून डोंगर साजरे. दुसरा ढालवाला. कोणी मारलं तरी उभा, नाही मारलं तरी उभा. यापेक्षा माझ्या दुकानाचं शटर बरं, ते निदान आवाज तरी करतं. तिसरा खुपश्या: लपायचं, मागून यायचं, पाठीत सुरा खुपसायचा, पुन्हा लपायचं. आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे हाक्या.

हाक्या स्वतः बोट उचलत नाही. तो रानातल्या प्राण्यांना हाका मारतो आणि ते येऊन त्याच्या वाटचं लढतात. म्हणजे याचा एक डाव आला की आधी लांडगा कुठं उभा राहणार, मग घुबड कुठून येणार, मग अस्वल कुणाला चावणार. नमनालाच घडाभर तेल. तोवर बाकीच्यांचा चहा गार होऊन वर साय धरते.

आमच्या टेबलावरचे हाक्या होते मास्तर.

आम्ही चौघं रविवारी दुपारी मास्तरांच्या बाहेरच्या खोलीत खेळायचो. टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. खेळ तसा सोपा आहे. एकजण गोष्ट सांगतो, तो सूत्रधार. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, आणि काय जमलं, काय फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. सूत्रधार मी. माझं चष्म्यांचं दुकान आहे. आठवडाभर लोकांना ‘आता दिसतंय का? आणि आता?’ विचारून झालं की रविवारी मला राक्षस लागतात. नळदुरुस्ती करणारा आमचा नळवाला ठोक्या व्हायचा: हातात कुऱ्हाड, समोर दिसेल त्याला दणका, संपलं. नर्स खुपश्या. एरवी लोकांना हलक्या हातानं सुया टोचणारी बाई रविवारी मागून सुरे का खुपसते, ते विचारायची माझी हिंमत झालेली नाही.

मास्तर शाळेतून निवृत्त झालेले. हजेरीपट न उघडता सगळ्या वर्गाची हजेरी घ्यायचे, असं त्यांचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. आमच्या खेळातही त्यांनी स्वतःच एक नियम घालून ठेवला होता. हाक्यानं नावानं हाक मारली तरच प्राणी येणार, नाहीतर नाही.

“नुसतं ‘ए’ म्हटलं की कोणी येत नाही,” ते म्हणायचे. “आलंच तर भलतंच पोरगं येतं. नाव घेतलं की मान वर होते.”

“जगातल्या पोरांची नावं तोंडपाठ,” आतून वहिनींचा आवाज यायचा, “आणि बायकोला जन्मभर ‘अगं’!”

“तुला कशाला नाव पाहिजे? तू तशीच येतेस,” मास्तर म्हणायचे, आणि आम्ही हसायचो.

तर त्यांच्या प्राण्यांना नावं होती. लांडगा भुरक्या, मुंगूस सुतळी, घुबड तपासनीस, आणि अस्वल दुलई. नाव पुकारलं की आमच्यापैकी कोणीतरी त्या प्राण्याच्या आवाजात ‘हजर’ म्हणायचं. दुलईचं हजर नळवाल्याकडे होतं. तो असा गुरगुरायचा की एकदा वरच्या मजल्यावरची बाई काय झालं म्हणून खाली बघायला आली होती.

मास्तरांचा नावडता लढवय्या मात्र ठोक्या. “बिनडोक काम,” असं ते नळवाल्याला चिडवायचे. “ज्याला चार नावं लक्षात राहत नाहीत त्यानं कुऱ्हाड घ्यावी.” नळवाला खो खो हसायचा. त्याला कशाचंच वाईट वाटत नाही, हा त्याचा मोठा गुण.

पहिल्यांदा मास्तर सुतळीला ‘दोरी’ म्हणाले तेव्हाही आम्ही हसलोच. नियम म्हणजे नियम, मुंगूस काही आलं नाही. मास्तरांनी कपाळावर हात मारला आणि खेळ पुढं सरकला. मग एका रविवारी लांडगा आला, घुबड आलं, आणि अस्वलापाशी मास्तर थांबले. शब्द ओठावर होता, आम्हांला सगळ्यांना दिसत होता. ते टेबलावर बोटानं खडू आपटल्यासारखं टकटक करत राहिले.

“ते... मोठं,” ते म्हणाले. “काळं. मऊ. अंगावर घ्यायचं असतं ते.”

“दुलई,” नळवाला हळूच म्हणाला.

मास्तर एवढे चिडलेले मी कधी बघितले नव्हते. “वर्गात सांगासांगी चालत नाही!” ते ओरडले. आतल्या खोलीत भांड्याचा आवाज थांबला. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, “माझा डाव वाया. पुढचा घ्या.”

त्या दिवशी जिन्यात नर्सनं माझा दंड धरला. “हे साधं विसरणं नाही. मी रोज बघते असली माणसं. वहिनींशी बोल.”

मला रागच आला. तिचा, मास्तरांचा, त्या अस्वलाचा. माझं असंच आहे, रडू यायच्या आधी राग येतो. पण दुसऱ्या दिवशी वहिनी स्वतःच दुकानात आल्या, मास्तरांच्या चष्म्याची दांडी सैल झाली होती म्हणून. मी स्क्रू आवळत होते, तोवर त्यांनी सांगून टाकलं.

“त्यांना माहीत आहे. डॉक्टरांनी समोर बसवूनच सांगितलं. हळूहळू सगळंच जाणार आहे म्हणाले. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाले, रविवार बंद करायचा नाही. आणि तिथं मला कोणी सांभाळून घ्यायचं नाही. ज्या दिवशी कोणी माझ्यासाठी नियम वाकवेल, त्या दिवशी ते फासे उचलून माळ्यावर टाक.”

“मग मी काय करू, वहिनी?”

“ते तू बघ. तू गोष्ट सांगतेस ना?” त्यांनी चष्मा पर्समध्ये ठेवला. “त्यांच्याकडे आता रविवारच उरलाय गं. बाकीचे दिवस ते खिडकीत बसून असतात.”

इकडे आड, तिकडे विहीर. नियम पाळावा तर मास्तरांचा प्रत्येक डाव वाया जाणार, आणि चार माणसांदेखत ते शब्द शोधत बसणार. नियम वाकवावा तर रविवारच जाणार. आठवडाभर मी लोकांच्या डोळ्यांसमोर भिंगं धरत होते आणि डोक्यात हेच. शेवटी म्हटलं, नियमाला हात लावायचा नाही. पण गोष्ट माझी आहे.

त्या रविवारी मी दलदलीतली एक म्हातारी आणली. ती माणसांचे आवाज चोरून बरण्यांत भरून ठेवते. फासा पडला, आणि तिनं हाक्याचा आवाज चोरला.

“आवाज गेला?” मास्तरांनी विचारलं.

“गेला.”

“म्हणजे हाका नाहीत.”

“आवाज सापडेपर्यंत नाहीत.”

मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. मग माझ्याकडे बघितलं. अख्खी हयात पोरांच्या थापा ऐकण्यात गेलेला माणूस. माझी थाप त्यांना कळायला कितीसा वेळ लागणार?

“ठोक्या करतेस मला,” ते म्हणाले.

नर्स फासा हातात फिरवत राहिली.

टेबलावर आमची बोटाएवढी कथलाची माणसं असायची. नळवाल्यानं आपला कुऱ्हाडवाला उचलला आणि मास्तरांसमोर ठेवला. “तुम्ही माझी कुऱ्हाड घ्या, मास्तर. मला तसंही ढालवाला व्हायचंय.”

“तुला ढालवाला आवडत नाही.”

“आता आवडतो.”

“खोटं बोलताना तुझे कान लाल होतात,” मास्तर म्हणाले. पण त्यांनी कुऱ्हाडवाला जवळ ओढला. त्यांचा हाक्या, तोंडाशी हात नेऊन उभा असलेला कथलाचा म्हातारा, त्यांनी उचलून सदऱ्याच्या खिशात ठेवला. “ज्याला चार नावं लक्षात राहत नाहीत त्यानं कुऱ्हाड घ्यावी,” ते म्हणाले. “मीच म्हणायचो ना? घ्या, आलं माझ्याच अंगावर.”

आणि खरं सांगायचं तर कुऱ्हाड त्यांना जमली. ‘मारतो,’ म्हणायचं आणि फासा टाकायचा. राक्षस पडला की मुठी आवळून पोरासारखे खूश व्हायचे. डाव झटपट व्हायला लागले. चहा गरम असतानाच पिऊन व्हायचा. इतकी वर्षं मी हेच मागत होते, आणि आता तो गरम चहा माझ्या घशाखाली उतरत नव्हता. कधी दुलईचं ‘हजर’ ऐकू यावं म्हणून मी कासावीस व्हायचे. नळवाला ढाल घेऊन उभाच्या उभा असायचा आणि एकदाही कुरकुरला नाही. मधूनमधून मास्तर विचारायचे, “आपण कुणाशी लढतोय?” मी पुन्हा सांगायचे. गोष्ट सांगणं माझं कामच होतं, त्यामुळे ते सांभाळून घेण्यात मोडत नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

मग तो पुलाचा रविवार आला. खाली नदी, दोन्ही टोकांना शत्रू, मधे हे तिघं. माझी गोष्ट इतकी वाईट नव्हती, फासेच उलटे पडत गेले. नळवाल्याची ढाल दुभंगली. नर्सला लपायला जागाच नव्हती. मास्तरांच्या कुऱ्हाडीचा घाव दोनदा हुकला. पुन्हा त्यांचा डाव आला, तेव्हा त्यांनी खिशात हात घातला आणि कथलाचा म्हातारा काढून पुलावर ठेवला. दर रविवारी तो खिशातच असायचा, हे आम्हांला तेव्हा कळलं.

“आवाज परत आला,” ते म्हणाले.

“कधी, मास्तर?”

“आत्ता. मी हाक मारतो.”

नळवाल्यानं ओठ घट्ट मिटले होते. मला चारही नावं जिभेवर आली होती आणि मी ती दातांखाली दाबून धरली होती. मास्तरांचं बोट टेबलावर टकटक करत होतं. त्यांचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. ते आमच्या तोंडांकडे एकेक करून बघत गेले, वर्गात मागच्या बाकापर्यंत बघावं तसे. आमच्यातलंही कुणाचं नाव त्यांना सापडेना. बोट थांबलं. मग त्यांनी आतल्या दाराकडे मान वळवली.

“अगं,” ते म्हणाले.

वहिनी आल्या. हात ओले होते, ते पदराला पुसत आल्या. “काय हो?”

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. “नाव न घेता आली,” ते म्हणाले. “बसतं का नियमात?”

‘बसतं’ म्हणणं सोपं होतं. पण त्यांनी खरं तेच मागितलं होतं. “बसत नाही, मास्तर,” मी म्हटलं. “पण आल्यात.”

“हो. आलीये खरी.”

वहिनींनी टेबलावरचा पूल बघितला, ती बोटाएवढी माणसं बघितली. इतक्या वर्षांत त्या कधी टेबलापाशी बसल्या नव्हत्या. “कुठं उभी राहू?” त्यांनी विचारलं.

“इथं. माझ्याजवळ.”

“हजर म्हणा, वहिनी,” नर्स म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

“हजर,” वहिनी म्हणाल्या. प्राण्याचा आवाज वगैरे नाही, त्यांच्या स्वतःच्या आवाजात.

मास्तरांनी फासा त्यांच्या ओल्या हातात दिला. त्यांनी टाकला. दोन पडले. पूल कोसळला आणि सगळे नदीत गेले, कुऱ्हाड, ढाल, सुरा, सगळं. मास्तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. इतकं हसताना मी त्यांना त्यानंतर बघितलं नाही.

निघताना वहिनी दारापर्यंत आल्या. नर्स आणि नळवाला जिन्यापाशी थांबले होते.

“एक सांगू?” वहिनी मला म्हणाल्या. “पोरांची नावं गेली, ते कळलं. बहिणीचं गेलं, तेही कळलं. तिनं फोन केला आणि हे नुसतेच हं हं करत राहिले. माझं मात्र गेलं की आहे, ते मला कधी कळणारच नाही. कधी घेतलंच नाही ना त्यांनी.” त्या हसल्या, पण ते काही खरं नव्हतं. “एकदा वाटतं विचारावं, माझं नाव सांगा बघू. आणि नाही आलं तर? त्यापेक्षा ‘अगं’ म्हणतायत तोवर जायचं.”

आतून हाक आली. “अगं...”

“आले, आले,” म्हणत त्या वळल्या आणि दार लागलं.

आम्ही जिना उतरलो. खाली नळवाला हेल्मेट हातात घेऊन स्कूटरपाशी उभा राहिला. नर्स डोळे पुसत होती. मला काहीतरी विचारायचं होतं, आणि काय ते कळेपर्यंत मी रस्त्याच्या कडेला आले होते.

“काय रे,” मी मागं वळून नळवाल्याला विचारलं, “वहिनींचं नाव काय?”

त्यानं नर्सकडे बघितलं. नर्सनं माझ्याकडे.

“वहिनी,” तो म्हणाला. “वहिनीच ना?”